पुणं सोडून मध्यम शहरात शिफ्ट व्हायचंय? मग शहर असं निवडा

हल्ली आमच्या ओळखीत ज्याच्याशी बोलावं तो हेच म्हणतो की बास झालं पुणं. हिंजवडीतून निघून वारज्याला पोचेपर्यंत अंधार पडतो, मार्च संपला की सोसायटीत टँकरचा हिशोब सुरू, आणि टू बीएचकेच्या हप्त्यात अर्धा पगार जातो. मग कोणीतरी डिसेंबरात एखाद्या लग्नाला नाशिकला किंवा कोल्हापूरला जाऊन येतं, हवा छान, रस्ते मोकळे, मिसळ झकास, आणि परत येताना पुण्याजवळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की तिथेच ठरतं, आपण पण शिफ्ट व्हायचं. शिफ्ट व्हायला माझा विरोध अजिबात नाही, उलट ज्याला जमतंय त्याने जावं असंच वाटतं. पण डिसेंबरात सगळीच शहरं चांगली दिसतात हो. शहर निवडताना त्याचा वाईट आठवडा कसा असतो ते आधी बघायचं, मे महिन्यातला आणि जुलै-ऑगस्टमधला, आणि तो आपल्याला झेपणार असेल तरच पुढचं सगळं. माझी नणंद नाशिकला गेली, मावसभाऊ सांगलीत गेला, दोघांच्या वेळी घरं, शाळा, दवाखाने बघत मी सोबत फिरले आहे, त्यामुळे काय विचारायचं आणि कुठे बघायचं ते सविस्तर लिहिते.

आधी मध्यम शहर म्हणजे कुठलं ते ठरवून घ्या कारण लोक नागपूर पण म्हणतात आणि वाई पण म्हणतात. केंद्र सरकारी नोकरांच्या घरभाडे भत्त्याची जी यादी असते त्यात पुणं एक्स वर्गात आहे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर हे वाय मध्ये आणि सातारा, रत्नागिरीसारखी गावं झेड मध्ये. साधारण अंदाजाला ही यादी चांगली आहे. वाय मध्ये महापालिका असते, मोठे दवाखाने असतात, एखादं विद्यापीठ किंवा चांगली कॉलेजं असतात. झेड मध्ये शांतता जास्त पण एखाद्या स्पेशालिस्टसाठी किंवा मुलांच्या अकरावी-बारावीनंतर बाहेर जावंच लागतं. नागपूर मला स्वतःला मध्यम वाटत नाही, ते मेट्रो आणि एम्स असलेलं मोठं शहरच आहे, आणि पुण्याहून वंदे भारतने गेलं तरी जवळपास बारा तास लागतात, त्यामुळे तिकडे जाणं म्हणजे पुण्याशी नातं सुट्ट्यांपुरतं ठेवणं.

आता पाणी. हे मी पहिलं घेते कारण घर घेऊन झाल्यावर बाकी बऱ्याच गोष्टी बदलता येतात, शाळा बदलता येते, नोकरी बदलता येते, पण शहराचं पाणी तुम्ही बदलू शकत नाही. आपण पुण्यात गुरुवारी पाणी बंद म्हटलं की कुरकुर करतो. सोलापुरात चार-पाच दिवसांनी पाणी येणं हे वर्षानुवर्षं लोकांनी अंगवळणी पाडून घेतलंय, आणि संभाजीनगरात तर जायकवाडीसारखं प्रचंड धरण पन्नास-साठ किलोमीटरवर असून आठवड्यातून एकदा पाणी अशी वेळ कित्येक वर्षं होती, तिथे नवीन मोठी पाइपलाइन टाकायचं काम त्यासाठीच काढलं. म्हणजे धरण भरलेलं आहे का एवढं बघून भागत नाही, धरणातून शहरात पाणी आणणारी पाइपलाइन किती जुनी आहे, शहराच्या टाक्या किती आहेत आणि तुमचा भाग त्या टाकीपासून किती लांब आहे यावर सगळं असतं. नाशिकला गंगापूर धरण अगदी शहराच्या डोक्यावर आहे म्हणून तिथे पाण्याचं सुख बरंच आहे. कोल्हापूरने काळम्मावाडीची थेट पाइपलाइन कित्येक वर्षं आंदोलनं करून मिळवली. साताऱ्याच्या वरच्या भागाला कासचं पाणी येतं. सोलापूरचं सगळं गणित उजनीवर, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजामध्ये म्हणजे मृतसाठ्यात गेलं होतं. आणि एक गोष्ट पुणेकरांनी लक्षात ठेवायला हवी, आपल्या मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनीतच जातं, त्यामुळे तिथल्या पाण्याच्या दर्जाबद्दल तिथले लोक आपल्यावर चिडलेले असतात ते उगाच नाही.

हे सगळं पेपरात वाचून कळतं, पण तुम्ही जो एरिया बघताय तिथलं पाणी कसं आहे ते बघायची सोपी पद्धत सांगते. गाडी थांबवा आणि वर गच्च्यांकडे बघा. एका तीन मजली बिल्डिंगवर दोन-तीन टाक्या असतील तर ठीक, पण प्रत्येक फ्लॅटची वेगळी काळी टाकी, शिवाय खाली पार्किंगमध्ये निळे ड्रम, आणि नळाला थेट लावलेली छोटी मोटर दिसली की समजायचं पाणी कमी दाबाने आणि कमी वेळ येतंय. मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा 'पाणी कुठल्या वारी येतं आणि किती वाजता?' रोज येत असेल तर तो प्रश्नच नीट समजणार नाही त्याला. 'आज आमची पाळी नाही' असं उत्तर आलं की पुढचं विचारा, रात्री दोनला येतं का? घरात दोघं नोकरी करणारे असतील तर रात्री दोनचं पाणी भरायला कोण उठणार हा भांडणाचा विषय होतो, खरं सांगते. ब्रोकरला हे विचारू नका, तो 'बोअर आहे ना मॅडम' म्हणेल. बोअर असेल तर त्याचं पाणी मे मध्ये टिकतं का आणि बादलीवर पांढरा थर बसतो का ते बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींना विचारा, त्यांच्याइतकं अचूक कोणी सांगत नाही.

पाणी कमी असणं जसं तसंच जास्त असणं. कोल्हापूर आणि सांगली ही दोन्ही माझी फार आवडती शहरं आहेत आणि म्हणूनच स्पष्ट लिहिते, पुराचा अभ्यास केल्याशिवाय तिथे घर घेऊ नका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा ४० आणि धोका ४५. तिथली शाळेतली पोरंसुद्धा जुलैमध्ये हे आकडे बोलत असतात, राधानगरीचे दरवाजे उघडले का, कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती चाललंय. २०१९ ला सांगलीत पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं, कोल्हापुरात ५५ च्या वर, आणि शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन पुण्याकडचा रस्ता कित्येक दिवस बंद. २०२१ ला परत तेच. पण याचा अर्थ सगळं शहर बुडतं असा नाही. कोल्हापुरात नदीकडचा भाग, दुधाळी, शाहूपुरीचा काही भाग, नागाळा पार्कची खालची बाजू इथे पाणी येतं आणि उंचावरचा भाग कोरडा असतो. भाऊ सांगलीत घर बघत होता तेव्हा आम्ही दोघं गल्ल्यांमधून चालतच फिरलो आणि भिंती बघितल्या. पूर येऊन गेलेल्या भिंतीवर एका सरळ रेषेत रंग बदललेला असतो, खालचा गिलावा नवा असतो, लाइटचं मीटर माणसाच्या डोक्याच्याही वर बसवलेलं असतं आणि दुकानांमध्ये खालचे कप्पे रिकामे ठेवायची सवय दिसते. अशी गल्ली असेल तर भाडं कितीही कमी असो, पुढे जायचं. विकत घेत असाल तर पाटबंधारे खात्याची निळी रेषा आणि लाल रेषा कुठून जाते ते नकाशावर बघा, निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. महापालिकेच्या नगररचना विभागात हा नकाशा बघायला मिळतो. नाशिकलाही गोदावरीला पूर येतो, तिथे दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर लोक पूर मोजतात, पण तो मुख्यतः नदीकाठच्या जुन्या भागात आणि सराफ बाजाराकडे, गंगापूर रोड किंवा इंदिरानगरकडे राहणाऱ्याला त्याची झळ कमी.

दुसरी मोठी गोष्ट दवाखाना, आणि इथे नुसतं 'हॉस्पिटल आहेत खूप' हे उत्तर चालणार नाही. आपल्या घरातल्या माणसांची यादी करा. बाबांना स्टेंट आहे? मग त्या शहरात चोवीस तास चालणारी कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात ती जागा, कुठे आहे आणि तुमच्या घरापासून रात्री किती मिनिटांवर. आईचं डायलिसिस आहे, मुलाला दमा आहे, घरात कोणाची प्रेग्नन्सी आहे तर नवजात बाळाचं आयसीयू कुठे. मेडिक्लेमच्या ॲपवर जाऊन कॅशलेस यादीत त्या शहरातली कुठली हॉस्पिटल आहेत ते आजच बघून घ्या, पुण्यात ही यादी लांबलचक असते आणि लहान शहरात कधीकधी दोन-तीन नावांवर संपते. या बाबतीत मिरज हे खरंच वेगळं गाव आहे. डॉ. वानलेसांनी तिथे मिशनचं हॉस्पिटल काढलं त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली, पुढे सरकारी मेडिकल कॉलेज झालं, आणि आज आख्खं गाव दवाखान्यांचं आहे, कर्नाटकातून लोक तिथे उपचाराला येतात. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका आहे त्यामुळे सांगलीत राहून मिरजेचा दवाखाना म्हणजे घरचाच. वयस्कर आई-वडिलांना घेऊन जायचं असेल तर मी हे वजनात फार वर धरेन, हवेपेक्षा आणि भाड्यापेक्षा.

कामाचं काय? वर्क फ्रॉम होम आहे म्हणून शिफ्ट होणाऱ्यांना माझं एकच सांगणं, मॅनेजरच्या तोंडी शब्दावर घर हलवू नका. ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलवर बेस लोकेशन काय लिहिलंय ते बघा, कारण आठवड्यातून तीन दिवस या असा मेल कधीही येतो हल्ली. आणि असा मेल आला तर पुण्याला येणं-जाणं जमतं का हे शहर निवडतानाच तपासायचं. इथे लोकांचा अंदाज नेहमी चुकतो, कारण ते किलोमीटर बघतात. सातारा एकशे दहा किलोमीटर म्हणजे सोपं वाटतं, आणि एरवी आहेही सोपं, पण शुक्रवार संध्याकाळ आणि वाटेतला खंबाटकी घाट हे विसरू नका. नाशिक दोनशे दहा किलोमीटर पण चाकण आणि नारायणगाव पार करण्यातच जीव जातो, आणि थेट रेल्वेमार्गच नाही, ट्रेन कल्याणवरून फिरून जाते. पुणे-नाशिक सेमी हायस्पीडचं आपण वर्षानुवर्षं ऐकतोय, ती खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीपाशी येऊन अडकली, त्यामुळे ती येणार म्हणून आज घर घेणं बरोबर नाही. याउलट सोलापूर अडीचशे किलोमीटर असून वंदे भारतने सकाळी सहाला निघालं की सव्वानऊच्या आसपास पुणे स्टेशन, आणि संध्याकाळी परत जायला गाडी आहे, हुतात्मा एक्सप्रेस तर जुनीच आहे. आठवड्यातून एकदा ऑफिस असणाऱ्याला सोलापूर नाशिकपेक्षा जवळ पडू शकतं! कोल्हापूरला वंदे भारत आहे पण रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस, आणि पाच तासांच्या वर लागतात.

आणि एकाचीच नोकरी बघू नका. बहुतेक घरांत नवऱ्याचं काम लॅपटॉपवर हलतं आणि बायकोची नोकरी सुटते, मग 'तिथे बघू काहीतरी' म्हणून शिफ्ट होतात आणि ते काहीतरी मिळत नाही. त्यामुळे शहराचं खरं काम कशावर चालतं ते बघा. नाशिकला सातपूर, अंबड, सिन्नरच्या एमआयडीसी आहेत, इंजिनिअरिंग आणि फार्मावाल्यांना वाव आहे, द्राक्ष आणि वाइनचा धंदा आहे. कोल्हापूर फाउंड्रीचं, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित एमआयडीसी. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सहा जिल्ह्यांची कामं तिथे चालतात, म्हणजे वकील, टायपिंगवाले, टॅक्सवाले यांच्यासाठी कोल्हापूर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. संभाजीनगरला वाळूज आणि शेंद्रा-ऑरिक हे औद्योगिक पट्टे आहेत, ऑटोमोबाइलवाल्यांनी ते यादीत ठेवावंच, फक्त वर लिहिलेलं पाण्याचं विसरू नका. शिक्षिका, नर्स, अकाउंटंट, बँकवाले यांना कुठेही काम मिळतं पण पगार पुण्याचा मिळत नाही, ते आधी फोन करून विचारून घ्या म्हणजे हिशोब खरा होईल.

हिशोबाबद्दल थोडक्यात. गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि कुठला खर्च शहर बदललं की बदलतो आणि कुठला तसाच राहतो ते वेगळं करा. भाडं, मेंटेनन्स, पेट्रोल, टँकर, क्लासची फी कमी होते. मोबाइल, इन्शुरन्स, ॲमेझॉन, गाडीचा हप्ता तसंच. आणि नवीन येतं ते पुण्याच्या फेऱ्यांचं, टोल, तिकिटं, कधी मुक्काम, आणि बस कमी असल्यामुळे लागणारी दुसरी टू-व्हीलर. मोठ्या शाळांची फी म्हणावी तेवढी कमी नसते ते पण बघून घ्या. एवढं करून जो आकडा उरतो ती खरी बचत.

हवा आणि बाकी गोष्टी माणसागणिक. सोलापूर, जळगाव, अमरावती इथे मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस हे नेहमीचं आहे, वर्क फ्रॉम होम म्हणजे दिवसभर एसी आणि तसंच बिल. रत्नागिरीला पावसाळा असा की चार महिने कपडे वाळत नाहीत आणि चामड्याच्या वस्तूंना बुरशी. सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात दिवाळीनंतर मार्चपर्यंत साखर कारखाने चालू असतात, तेव्हा कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला राहत असाल तर गॅलरीत काळी राख येते आणि रात्री रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात, गाडी चालवताना खरंच जपायला लागतं. नाशिकची हवा चांगलीच आहे, पण २०२७ ला तिथे सिंहस्थ आहे, ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्य पर्वण्या, तोवर रस्त्यांची कामं आणि वाढलेले जागेचे दर दोन्ही चालू राहणार, त्यामुळे आत्ता तिथे विकत घेण्यापेक्षा भाड्याने राहून २०२८ मध्ये ठरवलेलं मला जास्त बरोबर वाटतं.

माणसांचं पण बोलायला हवं. लहान शहरात घरमालक आडनाव विचारतात, कुठलं गाव विचारतात, नॉनव्हेज खाता का विचारतात. पुण्यातही विचारतात, पण इथे सोसायट्या इतक्या आहेत की एकाने नाही म्हटलं तर दुसरा मिळतो, तिथे पर्याय कमी असतात. एकट्या राहणाऱ्या मुलीला किंवा आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याला हे जास्त लागतं, म्हणून त्यांनी जुन्या वाड्यांच्या भागापेक्षा कॉलेज किंवा मोठ्या हॉस्पिटलच्या आसपासचा एरिया आधी बघावा, तिथे बाहेरून आलेल्या भाडेकरूंची सवय असते. आणि ज्यांचं कोणीतरी तिथे आहे, सख्खं-चुलत कोणीही, त्यांनी ते शहर यादीत एक पायरी वर घ्यावं. नणंदेच्या मुलाला रात्री ताप चढला तेव्हा गाडी काढून येणारे तिचे चुलतसासरे होते, ॲप नव्हतं.

यादी दोन-तीन शहरांवर आली की तिथे राहायला जा, हॉटेलात नको, एखादी भाड्याची खोली किंवा नातेवाइकाकडे, एकदा मे मध्ये आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये. ऑफिसचा लॅपटॉप घेऊन जा आणि सोमवार ते शुक्रवार काम करा, व्हिडिओ कॉल चालू असताना लाइट जाते का, गेली तर किती वेळाने येते, महावितरणचा दुरुस्तीचा वार कुठला. शेजाऱ्याकडे फायबर कुठल्या कंपनीचं आहे आणि बंद पडलं तर माणूस किती दिवसांनी येतो. सकाळी शाळेच्या वेळेला गाडी काढा, रात्री दहाला रिक्षा शोधा, रात्री अकराला औषधाचं दुकान शोधा. मुलांना घेऊन गेलात तर ती कंटाळली की लगेच सांगतात, त्यांचं ऐका. पर्यटन करू नका, त्या पाच दिवसांत पन्हाळा, त्र्यंबकेश्वर काही नको.

आवडलं तर पहिले अकरा महिने भाड्यानेच राहा आणि पुण्यातला फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. तिथला करार लिव्ह अँड लायसन्सचा रजिस्टर्ड करून घ्या, लहान शहरात 'कशाला, स्टॅम्पपेपरवर लिहू' म्हणतात पण कायद्याने नोंदणी लागतेच आणि शाळेत, गॅसला, बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून तोच चालतो. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही ती मुदत, सहा महिन्यांपेक्षा जास्त घालू देऊ नका. याच काळात कोणीतरी तुम्हाला शहराबाहेर स्वस्त प्लॉट दाखवायला नेईलच, तेव्हा सातबारा, एनए म्हणजे बिगरशेतीची ऑर्डर आणि गुंठेवारी नियमित झाली आहे का हे बघितल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही, आणि फ्लॅट असेल तर महारेराच्या साइटवर नंबर टाकून बघायचा.

मुलांची शाळा असेल तर वेळ सांभाळा. स्टेट बोर्ड जूनच्या मध्याला सुरू होतं, सीबीएसई एप्रिलला, त्यामुळे सीबीएसईवाल्यांनी जानेवारीतच तिथल्या शाळांमध्ये जागा विचारायची आणि शाळा सोडल्याचा दाखला इथून निघताना हातात घ्यायचा, नंतर पुण्याला खेप पडते. दहावी आणि बारावीच्या मधे मूल असेल तर एक वर्ष थांबा. गॅसचं ट्रान्सफर व्हाउचर, मतदार यादीसाठी फॉर्म ८, आणि गाडीचा पत्ता आरसीवर बदलायचा एवढं लागतं. राज्य तेच असल्यामुळे एमएच १२ चा नंबर तसाच राहतो, नवीन टॅक्स भरावा लागत नाही, एजंटने सांगितलं तरी भरू नका.